काळ्या गाळातलं अर्धवट काम: खाडीकाठच्या एका भंगारभट्टीचं प्रकरण

जानेवारी २०२२. कॉलेजच्या फाटकाशी एक काकी डोक्यावरची पाटी उतरवून उभ्या होत्या. पाटीत ओल्या गोणपाटाखाली तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, दोन पिशव्या. "मॅडम, ह्या हिकडच्या आन ह्या पल्याडच्या. दोन्ही उकडून बघा. हिकडच्यांना जळक्या वायरीचा वास येतो. गिऱ्हाईक माल परत करतंय." मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, शिंपल्यांतली जाणकार नाही. तरी प्रयोगशाळेतल्या शेगडीवर दोन पातेली चढवली. झाकणं उघडली आणि काकींचं म्हणणं खरं निघालं. एका पातेल्यातून खाडीचा ओळखीचा खारा वास आला. दुसऱ्यातही तोच होता, पण त्याच्याखाली काहीतरी कडवट, घशाला लागणारं होतं.

पुढे जे घडत गेलं ते सविस्तर लिहायचं कारण एकच. "पाण्यात जिवाणू सोडा, ते प्रदूषण खाऊन टाकतील" असा सल्ला हल्ली सहज दिला जातो आणि तो अर्धा खरा आहे. त्या अर्ध्या खऱ्या सल्ल्यापासून आमची खाडी किती थोडक्यात वाचली ते मी जवळून पाहिलं. गावाचं नाव देत नाही. त्या चिखलावर पोट असलेल्या बायकांचा माल बाजारात आधीच बदनाम झाला आहे.

जागा

दाभोळच्या खाडीला मिळणारा एक अरुंद फाटा. दोन्ही काठांना कांदळवन, मध्ये ओहोटीला उघडा पडणारा चिखल, आणि त्या चिखलात गुडघाभर उतरून बायका तिसऱ्या काढतात, खडकावरची कालवं फोडतात. वाडीतून जांभ्याची पाखाडी खाली उतरते. तिच्या डाव्या अंगाला एक पऱ्या आहे, पावसाळ्यात फुगणारा आणि मार्चपर्यंत आटणारा. पऱ्याच्या वरच्या बाजूला भंगाराचं दुकान.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. त्या पुराची वर्णनं पुष्कळ झाली आहेत. पूर ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला जे ढीग लागले त्यांच्याकडे मात्र फार कुणी पाहिलं नाही. चिखलाने भरलेले टीव्ही, फ्रीज, संगणक, मिक्सर. ते कुठेतरी जाणारच होते. त्यातले बरेच आमच्या या पऱ्याच्या डोक्यावर आले. तांबं काढायचं तर वायर सोलत बसण्यापेक्षा जाळणं सोपं. दुकानाच्या मागे खड्डे होते, खड्ड्यांत वायरी आणि बोर्ड, आणि आग पेटती ठेवायला टीव्हीची मागची काळी कव्हरं. थंड झालेली राख खोऱ्याने पऱ्यात ढकलली जायची. पुढच्या उधाणाला पाणी ती घेऊन जायचं.

आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझ्यासोबत तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनी होत्या. एकीने खड्ड्याच्या कडेची राख काठीने उकरली. वरचा थर करडा, खाली डांबरासारखा चकचकीत, मध्ये तांब्याचे बारीक मणी. तोच चकचकीत थर पऱ्याच्या तळाशी, खाडीच्या तोंडापर्यंत, तुटक तुटक दिसत होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. काकींना आलेला वास ज्वालारोधकांचा, म्हणजे प्लास्टिक सहज पेटू नये म्हणून त्यात मिसळतात त्या रसायनांचा, नव्हता; आणि हे प्रकरण मुख्यतः त्यांचंच आहे. त्या रसायनांना नाकाला कळेल असा वास नसतो. वास जळक्या प्लास्टिकच्या डांबरट अंशाचा. नाकाने आम्हाला जागेपर्यंत नेलं, त्यापुढे नाकाचा उपयोग संपला.

टीव्हीच्या पाठीत काय असतं

जुन्या डब्बा टीव्हीचं मागचं कव्हर पॉलिस्टायरिनच्या एका चिवट जातीचं असतं. नुसतं पॉलिस्टायरिन काडी लावली की भडकतं, आणि टीव्हीच्या आत तर उच्च दाबाची वीज. म्हणून कव्हरांच्या प्लास्टिकमध्ये 'डेका' नावाचं ज्वालारोधक मिसळायचे, वजनाच्या १० ते १५ टक्के, सोबत मदतनीस म्हणून अँटिमनीचं ऑक्साइड. ब्रोमिनचं काम असं: उष्णता लागली की ते सुटतं आणि ज्योतीला पुढे नेणारे अस्थिर कण पकडून ठेवतं. ज्योत तिथेच मरते. डेका प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मिसळलेला असतो. म्हणून तो धुळीत उतरतो, झिजून बाहेर पडतो. सर्किट बोर्डांतला ज्वालारोधक, टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए, बहुतांशी राळेत गुंफलेला असतो, तो त्या मानाने कमी सुटतो.

डेका ज्या घराण्यातला आहे त्याला पीबीडीई म्हणतात. बेंझिनची दोन कडी, मध्ये ऑक्सिजनचा सांधा, आणि कड्यांवर एकपासून दहापर्यंत ब्रोमिनचे अणू. ते अणू किती आणि कोणत्या जागी बसलेत यावरून २०९ प्रकार होतात. दहाही जागा भरल्या की तो डेका, क्रमांक २०९. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा थायरॉक्सिन हा रेणू डोळ्यांसमोर आणा: तिथेही दोन कडी, मध्ये ऑक्सिजन, फक्त ब्रोमिनऐवजी आयोडिनचे चार अणू. हे साम्य मी वर्गात फळ्यावर काढते तेव्हा मुलं गप्प होतात. शरीरही या दोघांत गोंधळतं, आणि या रसायनांबद्दलच्या काळजीचं ते एक मोठं कारण आहे.

निसर्गात टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने यातली चार ते सात ब्रोमिनवाली व्यापारी मिश्रणं २००९ मध्ये बंद करायच्या यादीत घातली, थर्मोकोलमधलं एचबीसीडी हे ज्वालारोधक २०१३ मध्ये आणि डेका २०१७ मध्ये. भारताने हा करार २००६ मध्ये स्वीकारला. नवीन वस्तूंतलं प्रमाण आता नियमाने ०.१ टक्क्यावर रोखलेलं आहे. पण आमच्या पऱ्यावर आलेले टीव्ही नियमांच्या आधीचे, पुराने एका दिवसात माळ्यावरून आणि दिवाणखान्यातून बाहेर काढलेले.

आणि जाळणं हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग. उघड्यावरच्या मंद आगीत हे रेणू पूर्ण जळत नाहीत, त्यांच्यापासून ब्रोमिनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी संयुगं तयार होतात. शिवाय राखेत शिसं, तांबं, अँटिमनी. धातूला कुठलाही जिवाणू मोडत नाही, तो त्याला फार तर या रूपातून त्या रूपात नेतो. हे वाक्य ग्रामसभेत मला नंतर तीन वेळा सांगावं लागलं.

मीठ आणि तांब्याची तार

कव्हरं ज्वालारोधकाची आहेत हे नुसतं म्हणून चालणार नव्हतं. मोठी तपासणी महाग, म्हणून आधी घरगुती. लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम खडेमीठ विरघळवलं आणि त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे टाकले. साधं पॉलिस्टायरिन अशा पाण्यावर तरंगतं, ब्रोमिन भरलेलं जड होऊन बुडतं. पंख्याच्या पात्याचा तुकडा वर राहिला. टीव्हीच्या कव्हरांचे तुकडे एकामागून एक तळाला गेले.

मग तार. जाड तांब्याची तार बर्नरवर लाल करायची, ज्योतीला काही रंग उरला नाही की तापलेलं टोक तुकड्याला टेकवायचं आणि परत ज्योतीत धरायचं. ज्योत लख्ख हिरवी झाली. रसायनशास्त्रज्ञ बाइलश्टाइनने ही चाचणी दीडशे वर्षांपूर्वी सांगितली, आणि अजूनही ती पाहताना अंगावर काटा येतो. अर्थात ही चाचणी क्लोरिनलाही हिरवीच होते, वायरीच्या पीव्हीसीलासुद्धा. म्हणून दोन्ही चाचण्या एकत्र धरायच्या: बुडतं आणि हिरवंही होतं, आणि ते वायरीचं वेष्टन नाही. भंगारवाला पोरगा शेजारी उभा राहून बघत होता. त्याला विचारलं, रोज धुरात असतोस, खोकला येतो का? तो म्हणाला, "येतो. पण तो सगळ्यांनाच येतो."

राखेचा आणि पऱ्याच्या गाळाचा एकेक नमुना आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. डेका तपासायची रीत निराळी, कारण तो यंत्राच्या उष्णतेतच मोडू लागतो, त्याला आखूड नळी लागते. सगळ्या प्रयोगशाळा ते करत नाहीत. दोन नमुन्यांत आमचं वर्षाचं रसायनांचं बजेट गेलं. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: दोन्हीकडे मुख्य डेका. गाळात मात्र नऊ आणि आठ ब्रोमिनवाल्यांचा वाटा राखेतल्यापेक्षा जास्त होता.

त्या ओळीने मी हुरळून गेले. गाळातल्या कुणीतरी काम सुरू केलं आहे असं मला वाटलं आणि तसं मी ग्रामपंचायतीच्या बैठकीत बोलूनही गेले. मी म्हणाले, "आपल्या चिखलात हे मोडणारे जिवाणू आहेत." घाई झाली. ऊनही डेकाचे ब्रोमिन तोडतं, आगही तोडते, आणि खाडीच्या गाळाला काळा रंग देणारं लोहसल्फाइडसुद्धा जिवाणूंच्या मदतीशिवाय तोडू शकतं. एका नमुन्यावरून यातलं कोण ते सांगता येत नाही.

पावडर

महिन्याभरात सरपंच ताईंचा फोन. एक विक्रेता आला होता. जिवाणूंची पावडर, गुळाच्या पाण्यात भिजवायची, ओहोटीला चिखलावर शिंपडायची, सहा महिन्यांत खाडी साफ. तो म्हणत होता की तुमच्या मॅडमनीच सांगितलंय जिवाणू हे खातात. पंचायतीकडे थोडा निधी होता. ताईंनी विचारलं, "मग घ्यायची ना? तुम्ही बोललात म्हणून विचारते."

मी रात्रभर बसून त्यांच्यासाठी दोन पानं लिहिली. त्यातला गाभा इथे देते, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं.

डेका मोडणारे जिवाणू खरोखर आहेत. २००६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की सल्फुरोस्पिरिलम मल्टिव्होरान्स नावाचा जिवाणू डेकाचे काही ब्रोमिन काढून त्याला सात-आठवर आणतो, आणि डिहॅलोकॉकॉइडिस घराण्यातले आठच्या मिश्रणापासून पार दोनपर्यंत खाली नेतात. पण ते ब्रोमिन 'खात' नाहीत. आपण जसा श्वासातला ऑक्सिजन वापरतो तसे ते हा रेणू श्वासासाठी वापरतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुठेतरी सोडावे लागतात, ते हे जिवाणू ब्रोमिनच्या जागी सोडतात. ब्रोमिन सुटून जातो, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. हे काम करणाऱ्या विकराच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू धरलेलं बी-१२ जीवनसत्त्व असतं. डिहॅलोकॉकॉइडिसला ते स्वतः बनवता येत नाही, शेजाऱ्यांकडून घ्यावं लागतं. तो एकटा जगूच शकत नाही, त्याला सगळी वाडी लागते.

आणि हवा लागली की तो मरतो. डबाबंद पावडर उघड्या हवेत गुळाच्या पाण्यात कालवून शिंपडायची, तर हे काम करणारा कामगार त्या पावडरीत असूच शकत नाही. त्यात जे तग धरतात ते हवेत वाढणारे, आणि दहा ब्रोमिनांनी मढवलेल्या कड्यांना त्यांचा हात सहसा पोचत नाही. भरतीच्या पहिल्या लाटेबरोबर ते फाट्याबाहेर जातील. गूळ मात्र चिखलात राहील, चिखलातला उरलासुरला ऑक्सिजन संपवेल, आणि तिसऱ्या गुदमरतील.

आता त्याहून गंभीर भाग. समजा पावडर खरी निघाली, समजा तिने काम सुरू केलं, तरी ते मध्येच थांबलं तर? डेका जड आहे, गाळाच्या कणाला चिकटून बसतो, त्यामुळे शिंपल्याच्या शरीरात त्या मानाने कमी शिरतो. त्याचे पाच-सहा ब्रोमिन काढले की उरतो तो चार-पाच ब्रोमिनवाला हलका भाऊ, चरबीत सहज विरघळणारा, अन्नसाखळीत चढणारा. स्वीडनमध्ये जतन करून ठेवलेल्या आईच्या दुधाच्या नमुन्यांत १९७२ ते १९९७ या काळात पीबीडीई दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेले होते, आणि त्यात मुख्य वाटा या चार ब्रोमिनवाल्याचाच होता. म्हणजे जिवाणूंनी काम अर्धवट टाकलं तर चिखलात पडून राहिलेलं विष आपण तिसऱ्यांच्या पोटात नेऊन ठेवू.

कामाच्या दोन पाळ्या आहेत. पहिली हवेविना, ब्रोमिन उतरवण्याची. दुसरी हवेत, उघडं पडलेलं कडं फोडण्याची. थोडे ब्रोमिन उरलेल्या रेणूंवर ऱ्होडोकॉकस जोस्टी आरएचए-१ आणि बर्खोल्डेरिया झेनोव्होरान्स एलबी-४०० हे जिवाणू हवेत काम करतात हे बर्कलीच्याच गटाने दाखवलं आहे. बोर्डातल्या टेट्राब्रोमोबिस्फेनॉलबाबत हा क्रम इस्रायलमधल्या संशोधकांनी २००० मध्ये नीट मांडला: नेगेव्ह वाळवंटातल्या रामत होवाव औद्योगिक भागाजवळच्या गाळाने हवेविना चारही ब्रोमिन काढले, उरला बिस्फेनॉल-ए, तो पुढे हवेतल्या जिवाणूंनी संपवला. दुसरी पाळी नसती तर ते काम बिस्फेनॉलपाशीच अडलं असतं. आणि तोही काही साधा नव्हे.

वेळेचा अंदाज हवा असेल तर २००५ चं स्वित्झर्लंडमधलं काम पाहा. सांडपाण्याच्या गाळात, उबदार तापमानात, खाऊपिऊ घालून ठेवलेल्या बाटल्यांत २३८ दिवसांत डेका ३० टक्के कमी झाला. हे सगळे लाड पुरवून. उघड्या खाडीत सहा महिन्यांत 'साफ' म्हणणाऱ्याने हे वाचलेलं नाही.

ताईंनी दोन्ही पानं बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. पावडर घेतली नाही. एक सदस्य म्हणाले, "मग मॅडम, करायचं काय ते सांगा. न्हाय न्हाय काय ते कळलं." रास्त प्रश्न होता.

बाटल्या

पावडर नको म्हटल्यावर चिखलातच कुणी आहे का, हे नीट पाहणं माझ्यावर आलं. खाडीच्या गाळाबद्दल आशा धरायला एक कारण आहे. ब्रोमिन समुद्राला नवीन नाही. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. लाल शैवलं, चिखलातले किडे, स्पंज आपल्या संरक्षणासाठी ब्रोमिनची संयुगं स्वतः बनवतात. काही स्पंजांतले सायनोबॅक्टेरिया तर पीबीडीईच्या अगदी जवळचे रेणू बनवतात. जिथे बनवणारे आहेत तिथे मोडणारेही लाखो वर्षं राहत आलेत. न्यू जर्सीजवळच्या खाडीच्या गाळानेही टेट्राब्रोमोबिस्फेनॉलचे ब्रोमिन उतरवले आहेत, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं.

डेकासाठी वर्षं लागणार, म्हणून विद्यार्थिनींनी त्याच गोतातला, लवकर उत्तर देणारा पदार्थ घेतला: ट्रायब्रोमोफिनॉल. ब्रोमिन सुटलं का ते पाहायचं तर पाण्यात ब्रोमाइड वाढलं का ते मोजायचं. पण खाडीच्या पाण्यात ते आधीच भरपूर. समुद्रात एक ओंजळ वाढली तर कशी कळणार? म्हणून गाळ चार वेळा धुतला आणि ब्रोमाइड नसलेलं, कमी क्षारांचं पाणी घालून बाटल्या काठोकाठ भरल्या. वर रबरी बूच, आत रेझाझुरिनचा थेंब. हे रंगद्रव्य ऑक्सिजन असेतो गुलाबी दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर जिवंत गाळाच्या बाटल्यांतला गुलाबी रंग गेला होता. कुणीतरी रात्रीत शेवटचा ऑक्सिजन संपवला होता. निम्म्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये तीनदा उकडून मारलेल्या गाळाच्या, तुलनेसाठी. लोहसल्फाइड एकटं किती करतं तेही त्यातून कळणार होतं.

सातव्या आठवड्यातली एक दुपार. फिनॉल रेड आणि क्लोरामाइन-टी घातलं की ब्रोमाइड असलेलं पाणी पिवळ्याचं जांभळं होतं. आधी गाळाचं सल्फाइड हवा सोडून घालवावं लागतं, नाहीतर तेच चाचणी खाऊन टाकतं. मारलेल्या गाळाच्या नळ्या पिवळ्या राहिल्या. जिवंत गाळाच्या तीनपैकी दोन नळ्या जांभळ्या झाल्या, तिसरी मळकट तांबूस. मुलींनी नळ्या खिडकीशी धरून ठेवल्या होत्या, खाली ठेवायला तयार नव्हत्या. यावरून डेकाबद्दल काही सिद्ध झालं नाही. एवढंच कळलं की ब्रोमिन उतरवणारी मंडळी आमच्या फाट्यात राहतात, पावडर विकत आणायची गरज नाही.

उगम आधी

तरी खरं काम बाटलीबाहेरचं होतं. रोज वरून राख येत असेल तर खाली कोण काय मोडणार?

भंगारवाल्या पोराशी बोलणं सरपंच ताईंनीच केलं. दम दिला नाही. त्याचं गणित ऐकून घेतलं: दिवसाला किती वायर, जाळल्यावर तांब्याला काय भाव, सोलल्यावर काय. सोललेलं तांबं स्वच्छ म्हणून भाव जास्त, पण वेळ जातो. पंचायतीने पावडरीसाठी ठेवलेल्या पैशातून वायर सोलायचं हातयंत्र घेतलं आणि त्याला वापरायला दिलं. कव्हरं आणि बोर्ड अख्खे ठेवून परवानाधारक कंपनीच्या टेम्पोला द्यायचे ठरलं. एप्रिल २०२२ पासून खड्डे विझले. मध्ये एकदा पुन्हा धूर दिसला तेव्हा काकीच वर चढून गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण त्यानंतर धूर दिसला नाही.

राख उचलायचं काम मृग लागायच्या आत संपवणं भाग होतं. पहिला जोरदार पाऊस सगळं खाडीत नेणार. मे महिन्याच्या उन्हात, मास्क आणि हातमोजे घालून, धूळ उडू नये म्हणून राखेवर पाण्याचा हबका मारत, खड्डे खालच्या जांभ्यापर्यंत खरवडले. पिंपं भरून, झाकणं लावून, पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर ठेवली. संबंधित कार्यालयात तीन अर्ज गेले. पहिल्या दोनांना फक्त पोच मिळाली. पिंपं तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे रवाना व्हायला दिवाळी उजाडली. पावसाळाभर मी दर आठवड्याला त्या शेडची ताडपत्री बघायला जात होते.

हौद

उरला पऱ्याचा गाळ. राखेइतका विखारी नाही, पण खाडीत जाऊ द्यावा असाही नाही. इथे आमच्या प्रयोगशाळेतले मामा कामी आले. चाळीस वर्षं त्यांनी भातशेती केलेली. मी दोन पाळ्यांचं समजावत होते तर ते म्हणाले, "मॅडम, आमच्या खाचरात हेच तर होतं. चार महिने पाण्याखाली, आठ महिने उन्हात."

अगदी बरोबर. आषाढात चिखलणी केलेल्या खाचरात आठवड्याच्या आत ऑक्सिजन संपतो, मातीतलं तांबडं लोह विरघळून करडं होतं. कापणीनंतर तेच खाचर भेगाळतं, हवा आत शिरते, लोह पुन्हा तांबडं. भाताचं रोप उपटून मुळावरचा तांबूस थर पाहिलात तर ही अदलाबदल डोळ्यांना दिसते. जिवाणूंच्या दोन्ही पाळ्या कोकणातल्या शेतात दरवर्षी आपोआप बदलतात.

तीन हौद बांधले, जांभ्या चिऱ्याचे, आत शेततळ्याला घालतात तो जाड कागद, वर पत्रा आणि जाळी, भोवती कुंपण. पऱ्यातला गाळ तिन्हींत सारखा वाटला. एक हौद वर्षभर पाण्याखाली. दुसरा जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पाण्याखाली आणि मग पाणी उपसून, फावड्याने उलथापालथ करत, हवेत. तिसऱ्यातही दुसऱ्यासारखंच, पण गाळात कापलेला पेंढा मिसळून, कारण पेंढा सावकाश कुजतो आणि ब्रोमिन उतरवणाऱ्यांना लागणारा हायड्रोजन थेंबथेंब पुरवतो. समुद्राचं पाणी मुद्दाम टाळलं. त्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हा हायड्रोजन आधी पळवतात. गोडं पाणी, पावसाचंच. उपसलेलं पाणीही सोडून दिलं नाही, पिंपात साठवून पुढच्या पावसाळ्यात त्याच हौदात परत घातलं.

दोन पावसाळ्यांनंतर, २०२३ च्या अखेरीस, आम्हाला एकदाच तपासणी परवडली. पहिल्या हौदात डेकाचा वाटा कमी झालेला, नऊ-आठ-सातवाल्यांचा वाढलेला. पेंढ्याच्या हौदातही तसंच, थोडं पुढे गेलेलं. दुसऱ्यात फरक नक्की म्हणण्याजोगा नाही. तिन्हींत शिसं होतं तेवढंच.

अहवाल हातात आल्यावर ताईंना वाटलं, मला आनंद झाला असेल. झाला. पण त्याबरोबर काळजीही वाढली, कारण आता हौदांतलं काम नेमकं मधल्या पायरीवर आलं होतं. ब्रोमिन उतरू लागलेत, हलके भाऊ तयार होण्याचा काळ पुढे आहे. सुरुवातीला हौद फुटला असता तर जेवढं नुकसान झालं असतं त्याहून जास्त या काळात होईल. त्या हिवाळ्यात आम्ही एकाही हौदाचा गाळ बाहेर काढला नाही. उलट कागदाचे सांधे पुन्हा तपासले, दुसऱ्या हौदाच्या कडेला गेलेली उंदराची भोकं बुजवली, आणि कुंपणाच्या दाराला दुसरं कुलूप लावलं. शेवटी काही झालं तरी हा गाळ शेतात जाणार नाही हेही पंचायतीच्या ठरावात लिहून घेतलं. ब्रोमिन शून्यावर आला तरी शिसं आहेच.

पाखाडीच्या बाजूचा चिखल तिसऱ्या-कालवं काढायला अजून बंद आहे. बायका फाट्याच्या पलीकडे जातात, होडीचे पैसे जातात, भरती गाठली नाही तर अर्धा दिवस जातो. पऱ्याच्या तोंडाशी खडकावर कालवं पुन्हा धरली आहेत, चांगली मोठी. ती बघून प्रत्येकीचा कोयता शिवशिवतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पेंढ्याचा हौद तिसऱ्यांदा उपसला. पाणी उतरल्यावर गाळ काळा होता, फावडं मारलं की कडेने तासाभरात तांबूस व्हायला लागायचा. नमुने काचेच्या बरण्यांत घेतले, प्लास्टिकच्या नाही, कारण प्लास्टिकच आपलं ज्वालारोधक नमुन्यात मिसळू शकतं, आणि झाकणाखाली ॲल्युमिनियमची चकती घातली. कालवांचीही एक बरणी या वेळी सोबत पाठवायची होती, ती काकींनी स्वतः भरून आणली. चिठ्ठीवर तारीख मी लिहीत होते. त्यांनी विचारलं, "ह्याचं उत्तर शिमग्याआधी येईल?" मी सांगितलं, येईल. "मग शिमग्यापर्यंत पलीकडेच जाते," असं म्हणून त्यांनी बरणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि दुपारच्या एसटीने ती चिपळूणला पाठवायला पोराच्या हाती दिली.